जोडीची शस्त्रे : ग्लॅडिएटरांच्या आयुधांच्या पुनर्निर्मितीविषयी

पॉम्पेईच्या मोठ्या नाट्यगृहामागे खांबांच्या ओवऱ्यांनी वेढलेले एक चौकोनी आवार आहे. इ.स. 62च्या भूकंपानंतर तिथे ग्लॅडिएटरांना ठेवले जाऊ लागले. 1766 साली या आवाराचे उत्खनन सुरू झाले तेव्हा तिथल्या खोल्यांमधून शिरस्त्राणे निघाली, पिंढऱ्यांवर बांधायची पत्र्याची कवचे निघाली, खांद्यावर उभ्या राहणाऱ्या छोट्या ढाली निघाल्या. व्हेस्यूव्हियसने 79 साली हे सारे राखेखाली गाडले होते. आज त्यातला मोठा भाग नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. काही वस्तू पॅरिसच्या लूव्रमध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या. जगात कुठेही कोणी ग्लॅडिएटरचे शिरस्त्राण घडवायला बसले, की त्याच्यासमोर बहुधा याच आवारातल्या एखाद्या वस्तूचे चित्र असते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत याच आवारात करायला हवे, कारण इथली अडचणही इथेच दिसते. सापडले ते बहुतेक सगळे अंगावर घालायचे आहे. हातात धरायचे फारच थोडे आहे : काही भाल्यांची टोके, काही खंजीर. लाकडी ढाली राहिल्या नाहीत. जाळे तर एकही नाही, ना पॉम्पेईत ना अन्यत्र. तांब्याचा मिश्रधातू राखेत टिकतो, लोखंड गंजते, लाकूड, चामडे आणि दोरा कुजतो. त्यामुळे ज्याला ‘शस्त्र’ करायचे आहे त्याच्या हाती पुरावा मात्र मुख्यतः चिलखताचा येतो.

नव्या माणसाला ही मोठी उणीव वाटते. पण चिलखत वाचता आले तर समोरच्या माणसाचे शस्त्र कळते. डावी पिंढरी झाकली आणि उजवी उघडी ठेवली, तर डावा पाय पुढे असणार आणि वार तिथे येणार. शिरस्त्राणाला कड नसेल, पिसांचा तुरा नसेल, सगळा पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर समोरच्याकडे काहीतरी अडकवायचे साधन असणार. रिंगणातली आयुधे एकेका माणसासाठी योजलेली नव्हतीच. ती जोडीसाठी योजलेली होती. एकाला जे दिले ते दुसऱ्याकडे काय आहे हे पाहून दिले. म्हणून एकटे शस्त्र कितीही हुबेहूब घडवले तरी ते अर्धेच प्रामाणिक राहते, त्याच्यासमोर त्याचा जोडीदार उभा केला तरच ते पूर्ण होते. या प्रस्तावनेत सांगायचे आहे ते एवढेच, बाकीचे सगळे या एका गोष्टीच्या तपशिलात जाते.

सर्वांत परिचित जोडी मुरमिलो आणि थ्रेक्स या दोन ग्लॅडिएटर-प्रकारांची. 2019च्या ऑक्टोबरमध्ये पॉम्पेईच्या पाचव्या विभागात एक भित्तिचित्र सापडले, त्यातही हीच दोघे आहेत. मुरमिलो जिंकला आहे. रक्ताळलेला थ्रेक्स ढाल टाकून बोट वर करून दयेची याचना करतो आहे. मुरमिलोकडे हनुवटीपासून पिंढरीपर्यंत झाकणारी मोठी वक्र ढाल, सरळ आखूड तलवार, उजव्या हातावर जाड गुंडाळे आणि डाव्या पिंढरीवर एकच आखूड कवच. ढालच एवढी मोठी की पायाला अधिक काही लागत नाही. थ्रेक्सची ढाल लहान, जवळपास चौकोनी. म्हणून त्याच्या दोन्ही पायांना गुडघ्याच्या वर जाणारी उंच कवचे आणि मांड्यांना आणखी गुंडाळे. त्याच्या हातात सिका असते, वाकडे किंवा मध्येच कोन करून वळलेले पाते. सरळ पात्याला मोठ्या ढालीच्या कडेपलीकडे पोचता येत नाही, वाकड्याला येते. ढालीच्या काठावरून, खांद्याच्या मागच्या बाजूने, मांडीच्या मागून. सिकेचा कोन किती ठेवावा, असा प्रश्न घडवणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर सिकेच्या चित्रात जेवढे मिळते त्याहून अधिक मुरमिलोच्या ढालीच्या वक्रतेत मिळते. दोन्ही वस्तू शेजारी ठेवून हात फिरवून पाहिला, की कागदावर बरोबर वाटलेला कोन चुकीचा ठरू शकतो.

दोघांचीही छाती आणि पोट उघडे. हे विसरता कामा नये. डोके, हात, पाय यांवर पत्रा आणि गुंडाळे चढवून धड तेवढे उघडे ठेवलेले. त्यामुळे किरकोळ जखमेने लढत लवकर संपत नाही, आणि ढाल सुटली तर मात्र सगळेच संपते. रोमन प्रेक्षकाला पाहायचे होते ते कौशल्य आणि धैर्य, आणि या रचनेत दोन्हीची परीक्षा होते. आज जे कोणी ही वेशभूषा करताना अंगावर चामड्याचे जाकीट किंवा पट्ट्यापट्ट्यांचे चिलखत चढवतात, ते या लढतीचा कणाच काढून घेतात. अपवाद एका प्रकाराचा. प्रोव्होकॅटर छातीच्या वरच्या भागावर एक पत्रा बांधत असे, आणि त्याची लढत बहुधा दुसऱ्या प्रोव्होकॅटरशी होई. दोघांकडे सारखेच, म्हणून तोल राहिला.

दुसरी जोडी मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटते : रेटिॲरियस आणि सेक्यूटर. पहिल्याकडे जाळे, त्रिशूळ आणि खंजीर. डोक्यावर काही नाही, चेहरा उघडा. डाव्या हाताला गुंडाळे आणि डाव्या खांद्यावर गॅलेरस नावाची उभी ढाल, खांद्याच्या वर चार-पाच इंच जाणारी, म्हणजे मान आणि जबडा तिच्याआड वळवता येतो. पॉम्पेईत अशा तीन सापडल्या. त्यांतल्या काहींवर खेकडा, नांगर, डॉल्फिन अशी समुद्रातली चिन्हे उठवलेली आहेत. वजन सुमारे सव्वा किलो. दुसऱ्याकडे मुरमिलोचीच ढाल आणि तलवार, पण शिरस्त्राण पूर्ण वेगळे : गोल, गुळगुळीत, कडेविना, वर माशाच्या पंखासारखी ठेंगणी पट्टी आणि डोळ्यांसाठी दोन लहान भोके. कड ठेवली तर जाळे अडकेल. भोके मोठी ठेवली तर त्रिशूळ शिरेल. आणि एकदा भोके लहान केली की दिसणे कमी, हवा कमी. म्हणून सेक्यूटरला लढत लवकर संपवायची घाई, आणि रेटिॲरियसला ती लांबवण्यात फायदा. एका शिरस्त्राणाच्या आकाराने दोघांच्याही पावलांची चाल ठरली.

यावरून घडवणाऱ्याने काय घ्यायचे? सेक्यूटरच्या शिरस्त्राणाची भोके ‘जरा मोठी केली तर घालणाऱ्याला सोपे जाईल’ असा मोह प्रत्येकाला होतो. सुरक्षिततेसाठी आतून जाळी लावा, श्वासासाठी विसावे वाढवा, पण भोके वाढवू नका. ती वाढली की समोरच्याची सगळी युद्धपद्धती निरर्थक होते.

जाळ्याबद्दल प्रत्यक्ष पुरावा नाही, आणि चित्रांतही ते फार कमी दिसते. माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातल्या एका मोझाइकमध्ये कलेंदिओ नावाच्या रेटिॲरियसने अस्तियानाक्सवर जाळे टाकलेले दिसते. अस्तियानाक्स जाळ्याखालूनच लढतो आहे, आणि वरच्या पट्टीत कलेंदिओ जमिनीवर कोसळलेला आहे. म्हणजे जाळे नेमके पडले तरी लढत जिंकली असे होत नव्हते. युंकेलमान यांनी प्रयोगासाठी सुमारे तीन मीटर व्यासाचे गोल जाळे घेतले, कडेला शिशाची वजने लावलेले. कोकण किनाऱ्यावर पाग टाकणाऱ्या माणसाचा हात ज्याने पाहिला आहे त्याला हे जाळे कसे उघडायला हवे हे वेगळे सांगावे लागणार नाही : कमरेतून वळण, मनगटाचा झटका, आणि हवेतच पूर्ण वर्तुळ. फरक इतकाच की पाग खाली पाण्यात पडतो आणि हे जाळे पुढे, उभ्या माणसावर. ते दोरीचे की सुतळीचे, ओले की कोरडे, वजने किती, हे प्रयोगानेच ठरवायचे. या क्षेत्रातले बरेचसे काम असेच आहे.

मार्कुस युंकेलमान यांचे नाव आले. हे जर्मन इतिहासकार या शाखेतले मूळ पुरुष म्हणावेत असे. पॉम्पेईतल्या वस्तू त्यांनी नुसत्या मापल्या नाहीत, तशा घडवून घेतल्या आणि लोकांना घालायला लावल्या. ग्लॅडिएटरांवरचे त्यांचे जर्मन पुस्तक 2000 साली आले. त्यांच्या मोजमापांतून एक साधा आकडा पुढे आला आणि बरेच जुने गैरसमज मोडले. रोमन पायदळाचे शिरस्त्राण साधारण 2 किलोचे असते, ग्लॅडिएटरचे सरासरीने 4 किलोच्या आसपास आणि काही त्याहून बरेच जड. पायदळाच्या शिरस्त्राणाचा पत्रा सुमारे 1 मिलिमीटर, इथे सुमारे दीड मिलिमीटर. नक्षीने भरलेली ही शिरस्त्राणे फक्त मिरवणुकीची असावीत, असे अनेक वर्षे मानले जात होते. पण मिरवायचेच होते तर पत्रा जाड कशाला केला? सैनिकाला दिवसभर कूच करायची असते, वजन वाचवावे लागते. ग्लॅडिएटरला काही मिनिटे लढायचे असते आणि डोक्यावर सतत वार येणार असतात. माझ्या मते जाडीचा हा पुरावा निर्णायक आहे, आणि नक्षी असल्यामुळे वस्तू लढाईची नव्हती हे म्हणणे आता सोडून द्यावे.

पुराव्यांचा तिसरा प्रकार हाडांचा. तुर्कस्तानातल्या एफेसस इथे 1993 साली ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. थडग्यांवरच्या शिल्पांवरून ती ओळखता आली. साठांहून अधिक माणसांचे अवशेष तिथे होते, आणि व्हिएन्नाच्या संशोधकांनी त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. फाबियान कांट्स आणि कार्ल ग्रोसश्मिट यांनी 2006 साली डोक्यांच्या जखमांवर लेख प्रसिद्ध केला. एका कवटीवर त्रिशूळाच्या टोकांशी जुळणारी भोके आहेत. आणखी एक गोष्ट शस्त्रे घडवणाऱ्याच्या थेट कामाची. रोमेनियातल्या तोमिस, म्हणजे आजच्या कॉन्स्टांट्सा इथल्या एका थडग्यावर एका रेटिॲरियसच्या हातात चार टोकांचे विचित्र शस्त्र कोरलेले आहे. शिल्पकाराच्या कल्पनेचा खेळ म्हणून ते सहज बाजूला टाकता आले असते. एफेससच्या एका माणसाच्या गुडघ्याजवळच्या हाडावर चौकोनात मांडलेल्या चार खुणा मिळाल्या, आणि ते शस्त्र खरे ठरले. दगडावरचे चित्र आणि माणसाचे हाड, दोन्ही एकमेकांना पुष्टी देतात तेव्हाच आपण एखादे शस्त्र निर्धास्तपणे घडवावे. चित्र एकटे असेल तर घडवावे, पण तसे सांगून.

ही हाडे माणसांची आहेत, हे सांगायलाच हवे. त्यांतले पुष्कळजण गुलाम होते, युद्धकैदी होते, शिक्षा झालेले होते. काही थोडे स्वखुशीने आले, पण तेही कायद्याने अप्रतिष्ठित झाले. इ.स.पू. 264 मध्ये जुनियस ब्रूटस पेरा याच्या अंत्यसंस्काराच्या निमित्ताने रोममध्ये तीन जोड्या लढल्या, आणि तिथून ही प्रथा काही शतके चालली. या शस्त्रांची रचना कौतुकास्पद आहे, पण ती कोणाच्या जिवावर पारखली गेली हे विसरून तिचे कौतुक करू नये. जे लोक प्रेक्षकांसमोर या लढती उभ्या करतात त्यांनी निवेदनात हे चार वाक्यांत तरी सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. थडग्यांवरची नावे, किती लढती जिंकल्या, बायकोने किंवा सोबत्याने दगड उभारला, हे सारे उपलब्ध आहे. शस्त्राबरोबर माणूसही रिंगणात आणता येतो.

आता घडणीकडे. पहिले काम साल ठरवण्याचे. ‘रोमन ग्लॅडिएटर’ असा काही एक प्रकार नव्हता. प्रजासत्ताकाच्या काळातले सॅम्नाइट आणि गॉल हे प्रकार साम्राज्याच्या सुरुवातीला मावळले. रेटिॲरियस इसवी सनाच्या पहिल्या शतकात पुढे आला. रोमच्या बोर्गेझे संग्रहातल्या चौथ्या शतकाच्या मोझाइकमधली शिरस्त्राणे आणि पॉम्पेईतली शिरस्त्राणे यांत मोठा फरक आहे. नवशिक्याने 79 सालचे कंपानिया, म्हणजे पॉम्पेईचा प्रदेश, घ्यावे. पुरावा तिथेच सर्वांत दाट आहे.

शिरस्त्राण आणि पिंढरीची कवचे तांब्याच्या मिश्रधातूची, म्हणजे पितळेची किंवा काशाची. काहींवर कथिलाचा मुलामा देऊन चांदीसारखी चकाकी आणलेली. सफक परगण्यातल्या हॉकडन इथे 1965 साली सापडलेले शिरस्त्राण असेच कथिल चढवलेले होते. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला या कामासाठी फार लांब जायला नको. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पत्र्यावर मठारकाम अजून होते. सपाट पत्रा ठोकत खोल नेणे, ठोकून ताठ झाला की भट्टीत तापवून नरम करणे, पुन्हा ठोकणे, शेवटी हातोडीच्या एकसारख्या ठशांनी पृष्ठभाग घट्ट करणे : शिरस्त्राणाची डोक्यावरची वाटी याच क्रमाने उभी राहते. अडचण कड आणि चेहऱ्याच्या झडपांची. त्या वेगळ्या करून बिजागरी आणि रिव्हेटने जोडायच्या. तांबटाला नुसते छायाचित्र देऊ नका. मातीचा किंवा लाकडाचा पूर्ण मापाचा नमुना द्या, आणि डोके व शिरस्त्राण यांच्यामध्ये येणाऱ्या अस्तराची जाडी आधीच धरा. अस्तर विसरल्यामुळे जेवढी शिरस्त्राणे वाया जातात तेवढी दुसऱ्या कशाने जात नसतील.

ढालीसाठी दोन मोठे आधार आहेत, आणि दोन्ही सैनिकी. इजिप्तमधल्या फयूम इथे 1900 साली सापडलेली ढाल 128 सेंटिमीटर उंच आणि 63.5 सेंटिमीटर रुंद आहे. सिरियातल्या दुरा-युरोपोस इथली, आज येल विद्यापीठाच्या कलादालनात असलेली ढाल तिसऱ्या शतकातली, आणि पूर्ण वक्र आयताकृती रोमन ढालींत हीच एक टिकलेली. चिनाराच्या पातळ पट्ट्या उभ्या-आडव्या तीन थरांत चिकटवून ती केली आहे. म्हणजे आजच्या प्लायवूडमागचे तत्त्व तेच. त्यामुळे साच्यावर वाकवलेली, सरसाने जोडलेली, तागाचे कापड आणि चामडे चढवलेली प्लायवूडची ढाल मी तरी नकली मानणार नाही. मात्र हे दोन्ही नमुने 79 सालच्या रिंगणातले नाहीत. त्यातला रचनेचा धडा घ्यावा. आकार आणि उंची यांसाठी रिंगणाच्या शिल्पांकडे आणि मोझाइककडे वळावे. लिबियातले झ्लितेनचे मोझाइक यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्यात निरनिराळे प्रकार एकाच हाताने, एकाच प्रमाणात काढलेले आहेत.

तलवारीबद्दल थोडक्यात. त्या काळची आखूड ग्लॅडियस पॉम्पेईत सापडलेल्या पात्यांवरूनच ओळखली जाते : दोन्ही धारा समांतर, टोक आखूड, पाते साधारण अर्धा मीटर किंवा त्याहून कमी. मूठ लाकडाची, हाडाची किंवा हस्तिदंताची. हस्तिदंताऐवजी आज हाड किंवा म्हशीचे शिंग वापरावे. हातावरची गुंडाळी, म्हणजे मॅनिका, ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सोपी वस्तू. तागाच्या कापडाचे थर, आत भरण, वरून चामड्याचे पट्टे. ती पातळ केली तर दिसायला बरी दिसते आणि मनगट मोडते.

पात्याला धार असावी का? हा प्रश्न नवा नाही. खेळ सुरू होण्याआधी शस्त्रांची धार तपासून घेण्याची रोमन रीत होती. सुएटोनियसने सांगितले आहे की सम्राट टायटसने आपल्याविरुद्ध कट केलेल्या दोन उमरावांना शेजारी बसवून ही शस्त्रे त्यांच्याच हाती तपासायला दिली. टायबेरियसचा मुलगा ड्रुसस याला रक्तपाताची इतकी आवड होती की सर्वांत धारदार तलवारींना त्याचे नाव पडले, असे कॅसियस डिओ लिहितो. आणि हाच डिओ सांगतो की सम्राट मार्कस ऑरेलियसने ग्लॅडिएटरांना बोथट शस्त्रे दिली, ते खेळाडूंसारखे जीव न गमावता लढत. म्हणजे बोथट शस्त्र ही आधुनिक तडजोड नाही. त्याला सम्राटाचा दाखला आहे.

लाकडी शस्त्रालाही आहे. जर्मनीतल्या ओबेराडेन इथल्या रोमन छावणीत लाकडाची एक सिका मिळाली, सरावाचीच. ऑस्ट्रियातल्या कार्नुंटुम इथे 2011 साली जमिनीखाली रडारने एक अख्खी ग्लॅडिएटर शाळा दिसली, राहण्याच्या खोल्यांसह. तिच्या सरावाच्या गोल रिंगणाच्या मधोमध लाकडी खांबाची जागा आहे. अशाच खांबावर दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारीने आणि वेताच्या ढालीने सराव करावा, असे व्हेगेटियसने सैनिकांसाठी लिहून ठेवले. आणि सैन्याने ग्लॅडिएटरांचे शिक्षक बोलावल्याचा दाखला त्याच्याही आधीचा, इ.स.पू. 105चा आहे. शाळेत खरी शस्त्रे कुलपात असत. इ.स.पू. 73 मध्ये स्पार्टाकस आणि त्याचे साथीदार कापुआच्या शाळेतून पळाले ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया घेऊन. वाटेत ग्लॅडिएटरांची शस्त्रे नेणाऱ्या गाड्या सापडल्या तेव्हा कुठे त्यांना शस्त्रे मिळाली, असे प्लुटार्क सांगतो. ग्लॅडिएटरच्या आयुष्यातले बहुतेक दिवस लाकडी तलवार हातात धरून गेले. लाकडापासून सुरुवात करणारा या इतिहासाच्या अधिक जवळ असतो.

विकत घ्यायचे असेल तर एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक असावी. युरोप-अमेरिकेत प्राचीन युद्धांचे प्रयोग करणाऱ्या मंडळींच्या अंगावरचे बरेच रोमन सामान देहराडून आणि मीरत इथल्या कारखान्यांत तयार होते. तिथले कारागीर कुशल आहेत. त्यांना जो नमुना मिळतो तसे ते घडवतात, आणि नमुना चांगला असेल तर वस्तूही चांगली येते. दोष बहुतेक वेळा मागणी करणाऱ्याच्या अज्ञानात असतो. म्हणून मागवताना मूळ वस्तू कोणती, कोणत्या संग्रहालयातली, पत्रा किती जाड, एकूण वजन किती, पाते कोणत्या पोलादाचे, हे विचारा. उत्तर ‘रोमन पद्धतीचे’ एवढेच आले तर घेऊ नका. लढतीसाठीच्या पात्याची कड किमान 2 मिलिमीटर जाड आणि टोक गोल हवे, त्रिशूळाची टोकेही बोथट हवीत. स्टेनलेस स्टीलची भिंतीवर लावायची तलवार कधीही दुसऱ्या तलवारीवर मारू नये, तिचे पाते मुठीपाशी तुटते. आणि कायदा लक्षात ठेवा. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, भाले आपल्या शस्त्र नियमांत नोंदलेले आहेत. घडवण्याआधी वा मागवण्याआधी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी.

चित्रपटांकडे पाहून काहीही करू नये. झेरोम या फ्रेंच चित्रकाराने 1872 साली काढलेले, अंगठा खाली केलेल्या प्रेक्षकांचे चित्र फार गाजले, आणि 2000 सालच्या ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटामागे तेच होते. चित्र प्रभावी आहे. पण चित्रपटात जोड्या नाहीत, कोणीही कशाहीनिशी कोणाशीही लढतो, आणि ज्या गोष्टीसाठी ही शस्त्रे अशी झाली तीच तिथे नाहीशी होते. पंचही नाहीत. खऱ्या रिंगणात पंच असत, हातात लांब काठी घेतलेले. अनेक मोझाइकमध्ये ते दोघांच्या मध्ये काठी घालताना दिसतात. तुमच्या गटात सामान जमवताना ही काठी विसरू नका. ती सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्यामुळे हातपाय शाबूत राहतात.

या क्षेत्रात यायला लॅटिन यावे लागत नाही. लोहार, सुतार, शिंपी, चर्मकार, हाडांचे डॉक्टर, तलवार फिरवणारे, सगळ्यांची गरज आहे, आणि एकट्या इतिहासकाराला यातले काहीच पूर्ण करता येत नाही. स्त्रियांनीही मागे राहण्याचे कारण नाही. हॅलिकार्नॅससहून आलेल्या, ब्रिटिश म्युझियममधल्या एका शिल्पपट्टीवर अमेझॉन आणि अखिलिया या दोन स्त्रिया समोरासमोर उभ्या आहेत, दोघींच्या हातात मोठ्या ढाली, हाताला गुंडाळे, पिंढऱ्यांना कवचे. दोघींनाही रिंगणातून सोडण्यात आल्याची नोंद दगडावर आहे.

पहिले काम म्हणून एक जोडी करा : लाकडी ग्लॅडियस आणि मुरमिलोची मोठी ढाल, लाकडी सिका आणि थ्रेक्सची लहान ढाल. दोन्ही हातांवर चांगल्या जाड मॅनिका शिवून घ्या. सरावाला दोघांच्याही डोक्यावर तलवारबाजीचे आजचे जाळीदार मुखवटे चालतील. काही महिने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी लढून पाहा, काय बोचते, काय अडते, कुठे पोचता येत नाही हे लिहून ठेवा, आणि ती वही हातात घेऊनच तांबटाकडे जा.